पोरीजवळ बोलायचं नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे आहेत असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या वहिनींचे, रेखा वहिनींचे. मी सातवीत असताना आई गेली. त्यानंतर काही वर्षं आमच्या घरात बाबा, दादा आणि मी असे तिघंच होतो, आणि तिघंही कमी बोलणारे. स्वयंपाक व्हायचा, वावरातली कामं व्हायची, पण घरातून आवाज यायचा तो भांड्यांचा नाहीतर बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांचा. मी दहावीत गेलो तेव्हा दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. शाळा सातवीपर्यंत. आमच्या घराला एक ओसरी, एक मधली खोली आणि मागं स्वयंपाकघर, एवढंच. मधली खोली दादा-वहिनींची होती. माझं बारावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा वहिनींनी आपलं अंथरूण उचललं आणि ओसरीत नेऊन टाकलं. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आत बसा, दार लावा अन् अभ्यास करा. या घरातलं एक तरी मानूस शिकाले पायजे." पुढं मी बारावी पास झालो आणि बाबांनी पांढरकवड्याला हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात माझ्या कामाचं बोलून ठेवलं, तेव्हा ताटात भाकर वाढता वाढता वहिनीच म्हणाल्या, "मामाजी, टायर कोनीबी बदलन. भाऊजीले कालेजात जाऊ द्या." बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडं बाबांनी काही न बोलणं म्हणजे होकार. अशा रीतीनं मी पांढरकवड्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो या एका वाक्यामुळं.

आत्मकथन लिहावं असं माझं वय नाही, हे मला कळतं. तिशी अजून यायची आहे. पण मी शहाणा कधी झालो असं स्वतःला विचारतो तेव्हा कॉलेजची वर्षं डोळ्यांपुढं येत नाहीत. कॉलेज बंद पडलं आणि मी घरी येऊन बसलो, ती दोन-अडीच वर्षं येतात. त्या वर्षांत आमच्या घरात एक लहान मूल होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी काळजीपोटी, त्या मुलाचं जे केलं ते लिहून ठेवलं पाहिजे असं मला वाटतं.

आधी वहिनींच्या बोलण्याबद्दल सांगतो. त्या आल्या आणि घर बोलायला लागलं. माणसं नसली तरी त्यांचं अडत नसे. कोंबड्यांशी बोलत, गाईशी बोलत, चुलीशी भांडत. तव्यावर पाण्याचा शिपका मारून त्याला विचारत, "तापला काय रे बाबा, का अजून झोपेतच हाय?" थंडीत तुरीच्या शेंगा आल्या की आम्ही सगळे ओसरीत बसून सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, काढायचो. वांगं-सोल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर हे आमच्याकडचं सणाचंच जेवण. त्या वेळी वहिनी गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवायच्या, आणि बाबा खाली मान घालून हसायचे. दादा-वहिनींची मुलगी सांची झाली तेव्हा वहिनींना बोलायला आणखी एक माणूस मिळालं. तिला न्हाऊ घालताना, तेल लावताना, झोपवताना बोलणं चालूच. समोरच्या घरातल्या शेवंताबाई म्हणायच्या, "रेखा, पोट्टीचे कान दुखन व." वहिनी म्हणायच्या, "दुखू द्या मावशी. तुमाले आयकू येत नाई, कोनीतरी आयकलं पायजे ना." सांची वर्षाची झाली तेव्हा आबा, मम, काऊ आणि दे एवढे शब्द तिच्याजवळ होते. पुढं पुष्कळ दिवस तेवढेच राहिले.

लॉकडाऊन लागला आणि मी एका पिशवीत कपडे आणि एका पिशवीत पुस्तकं घेऊन मुकुटबनजवळच्या आमच्या गावी आलो. घरात पाय ठेवला तर ठेवायला जागा नव्हती. कापसाची खरेदी बंद पडलेली होती, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने बंद, बाजार बंद. शेवटच्या वेचणीपर्यंतचा सगळा कापूस मधल्या खोलीत भरलेला होता, एका बाजूला पार आढ्याला टेकलेला. हे आमच्याकडं नवं नाही. यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या घरी कापूस होतो त्याच्या घरात थंडीत कापूसच राहतो, माणसं उरलेल्या जागेत राहतात. कापूस भरला की लहान पोरांना त्यावर सोडतात. पोरं उड्या मारतात, कापूस दबतो, आणखी मावतो. मीही असाच उड्या मारून मोठा झालो. त्या वर्षी तो पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरात राहिला एवढाच फरक. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, पण खाजेनं कोणी मरत नाही असं दादा म्हणायचा. त्या दिवसांत मरण्याच्याच गोष्टी चालायच्या.

सांचीला कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. ओसरीत येणारे-जाणारे यायचे, रस्त्यावरून माणसं जायची. स्वयंपाकघरात धूर. मग सगळ्यांच्या मतानं ठरलं की तिला मधल्या खोलीत ठेवायचं. तिथं परका माणूस येत नव्हता. खिडकी लावलेली. कापूस आपल्या वावरातला, पांढराशुभ्र, आपल्याच हातानं वेचलेला. कापसाच्या खोलीइतकी चांगली जागा घरात दुसरी नाही असं आम्हाला मनापासून वाटायचं. कापसावर चादर टाकली की गादीच. सांची त्यावर लोळायची, झोपायची, आणि तिच्या हातात मोबाईल असायचा. माझे ऑनलाईन तास संपले की मोबाईल तिचा. त्यातली हिंदी-इंग्रजी गाणी ती तासन् तास बघायची. त्या खोलीत एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली होती. तिथं आवाज मरायचा. आपण दारातून हाक मारली तर ती कापसात शिरून बसायची, परत यायची नाही. मला अभ्यासाला ते बरं वाटायचं.

दुसऱ्या थंडीत सांचीची छाती वाजायला लागली. झोपली की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि बरगड्यांखालची जागा आत ओढली जायची. पहाटे खोकून खोकून उलटी. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी औषध दिलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. त्या दिवसांत कोणाची छाती वाजली की सगळ्यांच्या मनात एकच नाव यायचं. तपासणीत काही निघालं नाही, तरी बाबांचं ठरलं होतं की आजार येऊन गेला आणि पोरीच्या छातीत काहीतरी ठेवून गेला.

आणि मग उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, वहिनींना कोरोना झाला. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एक धडधाकट माणूस, दादाच्या बरोबरीचा, वणीच्या दवाखान्यात नेता नेता वाटेत गेला होता.  वहिनींनी स्वतःच दोन लुगडी आणि एक तांब्या घेतला आणि वावरातल्या झोपडीत जाऊन राहिल्या. दादा डबा नेऊन बांधावर ठेवायचा आणि मागं सरकायचा. सांची माझ्याजवळ असायची. पहिले काही दिवस ती दाराशी जाऊन उभी राहायची, नंतर जायची थांबली. वहिनींना ऑक्सिजन लागला नाही हे आमचं नशीब. पण परत आल्या तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या, आणि तोंडाला दस्ती बांधलेली होती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल, उन्हात डोक्याला बांधतात तो. वहिनींनी तो नाकाखालून असा आवळला होता की फक्त डोळे दिसत. सांची त्यांच्याकडं धावली तर त्या दोन पावलं मागं झाल्या, आणि हातानं तिला थांब म्हणाल्या. तोंडानं नाही.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. तो कोणी ठरवून केला नाही. वहिनींनी सुरू केला आणि आम्ही उचलला. पोरीजवळ बोलायचं नाही. बोललं की श्वास बाहेर येतो, श्वासातून आजार जातो, हे आम्ही टीव्हीवर, मोबाईलवर, गावातल्या भोंग्यावर इतक्यांदा ऐकलं होतं. पोरीची छाती आधीच वाजत होती. मग तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कोण बोलणार? जेवायला ये असं सांगायचं तर बोटं तोंडाकडं न्यायची. झोप म्हणायचं तर गालाखाली तळवा. नको म्हणायला पंजा हलवायचा. वहिनी स्वयंपाकघरात आमच्याशी बोलायच्या, पण सांची दारात दिसली की वाक्य अर्ध्यात तोडायच्या. लाट ओसरली, गावातले लोक लग्नं करायला लागले, बाजार भरायला लागला, विहारातली संध्याकाळची वंदना पुन्हा ऐकू यायला लागली. आमच्या घरात मात्र नियम तसाच राहिला, कारण सांचीची छाती वाजायची थांबली नव्हती. एखाद्या दिवशी वहिनींच्या तोंडून तिच्याजवळ दोन शब्द निघून जायचे, आणि नेमकी त्या रात्री खोकल्याची उबळ यायची. मग त्या दस्ती आणखी आवळायच्या.

सांचीनंही खुणा शिकून घेतल्या. इतक्या भराभर शिकली की आम्हाला कौतुक वाटायचं. बैलासाठी दोन बोटं डोक्यावर, शेवंताबाईंसाठी पाठीत वाकून चालणं, आबांसाठी, म्हणजे माझ्या बाबांसाठी, मिशा पिळणं. मोबाईलमधल्या गाण्याची चाल ती अचूक गुणगुणायची, फक्त त्यात शब्द नसायचे. बाबा म्हणायचे, "हुशार हाय. न बोलता सारं सांगते."  तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि मलाही ते कौतुकाचंच वाटलं होतं.

अंगणवाडी सुरू झाली तेव्हा सांची तीन वर्षांची होऊन गेली होती. वहिनी तिला पोचवून आल्या आणि तासाभरात बोलावणं आलं. मी गेलो. सांची कोपऱ्यात उभी होती, गळ्यातून घरघर चालू होती, आणि ती बाईंना पंजा हलवून दाखवत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, यंदा माह्याकडं अशी बरीच लेकरं आली. कोनी आईचा पदर सोडत नाई, कोनी नुसतं बोट दाखवते. पन थे आयकून वळून पायतात. हे पोरगी आवाजाकडं पायतच नाई, हाताकडं पायते. हिले एकदा यवतमाळले दाखवा." बाहेर पडलो तर शेवंताबाई नळावर. त्यांनी सांचीकडं पाहिलं आणि मला विचारलं, हळू विचारायची त्यांना सवयच नाही, "मुकी निंगाली काय रे?" नळावरच्या सगळ्या बाया वळल्या. मी सांचीला उचललं आणि घराकडं निघालो. घरी आल्यावर वहिनींना अंगणवाडीतलं सांगितलं, नळावरचं नाही. पण गाव लहान आहे. संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं होतं. रात्री भाकरी करताना त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, उद्याच जाऊ. मुकी असन त मुकी असन. पन मले समजलं पायजे."

दादाला वावरात कापूस वेचायला माणसं लावायची होती, म्हणून मी, वहिनी आणि सांची गेलो. आधी पांढरकवडा, तिथून यवतमाळची गाडी. यवतमाळला लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडं आम्ही नंबर लावला. बाहेरच्या बाकांवर सांचीच्या वयाची पुष्कळ मुलं होती, आणि बहुतेकांच्या हातात मोबाईल होते. एवढी मुलं असून तिथं गलबला नव्हता हे मला आता जाणवतं. आत गेल्यावर बाईंनी आधी छाती तपासली, मग कानांची तपासणी करून आणायला सांगितलं. कान चांगले निघाले. परत आत बसलो. बाई विचारायच्या आणि वहिनी सांगायच्या. कधीपासून वाजते, कधी जास्त होते, पहिला शब्द कधी म्हणाली. वहिनी प्रत्येक उत्तर देताना मांडीवरच्या सांचीचं तोंड दुसरीकडं वळवायच्या, आपली मान भिंतीकडं फिरवायच्या आणि दस्तीच्या आतून बोलायच्या. चार-पाच उत्तरं अशी झाल्यावर बाईंनी लिहिणं थांबवलं.

"ताई, बोलताना तुम्ही मुलीकडं पाठ का करता?"

वहिनी भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "मले कोरोना झालता ना बाई. माहा श्वास तिले लागू नये म्हून."

"कधी झाला होता?"

"मांगच्या उन्हाळ्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर कोणाचं तरी मूल खोकत होतं. मग म्हणाल्या, "तेव्हापासून तुम्ही हिच्याशी बोललाच नाहीत?"

"आमच्या घरात कोनीच नाई बोलत," वहिनी म्हणाल्या. "तिच्या जिवासाठी." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला.

बाई त्यांना रागावल्या नाहीत. मी वाट पाहत होतो की आता रागावतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या श्वासात आता काही नाही. पुष्कळ महिने झाले. हिच्या छातीला त्यानं काही होत नाही. रात्री ही झोपते कुठं?"

"कापसात," वहिनी म्हणाल्या. "मऊ राह्यते."

"कशात?"

मग मी सांगितलं. मधली खोली, आढ्यापर्यंतचा कापूस, बंद खिडकी, तिसरी थंडी. बाई मूळच्या या भागातल्या नसाव्यात, त्यांना मी दोनदा सांगितल्यावर समजलं. त्यांनी समजावलं की कापसाबरोबर पानांचा चुरा येतो, धूळ येते, बंद खोलीत बुरशी येते, आणि लहान मुलाच्या श्वासनळ्या त्यानं आवळतात. आजारानं काही सुरुवात केली होती की नाही ते आता सांगता येणार नाही, पण ती खोली तिला बरं होऊ देणार नाही. तोंडातून ओढायचा पंप दिला, तो प्लास्टिकच्या नळीला लावून कसा द्यायचा ते करून दाखवलं. बोलण्याबद्दल म्हणाल्या की मूल मुकं आहे असं आज मी म्हणणार नाही. बोलणं येईलच असंही वचन देत नाही. मोबाईल बंद करा, तोंड उघडं ठेवून तिच्यासमोर बोला, काहीही बोला, दिवसभर बोला, आणि तिच्या खुणेला लगेच वस्तू देऊ नका. वहिनींनी विचारलं, "काईबी बोललं तं चालन?" बाई म्हणाल्या, "काहीही." वहिनींनी मानेमागं हात नेला आणि दस्तीची गाठ सोडली. सांचीनं हात वर करून त्यांच्या ओठांना बोट लावून पाहिलं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसल्या आणि बोलायला लागल्या. आधी आवाज घोगरा यायचा, मधेच थांबायचा, काय बोलावं ते सुचायचं नाही. मग बाहेर जे दिसेल ते सांगायला लागल्या. हा पाय सांची ट्रक, ह्या ट्रकले एक दिवा नाई, हा ड्रायव्हर झोपून राह्यला दिसते. हे सागाची झाडं. हे कोनाची तूर हाय, लयच बारीक निंगाली. समोरच्या बाकावरचा माणूस वैतागून मला म्हणाला, "तुमचं हे मानूस दमत नाई काय?" मी म्हटलं, "आज नाई दमनार." वहिनींनी त्याच्याकडं वळून सांचीला सांगितलं, "अन् हे काका हाय. ह्यायले झोप आली, पन आपन झोपू देनार नाई."

घरी कापूस तसाच होता. त्या वर्षी भाव रोज चढत होता आणि गावात कोणीच कापूस काढत नव्हतं. सगळे थांबले होते. मी बाबांना डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापसानं कोनाले काही झालं हाय काय आजवर? तू याच्यातच मोठा झाला. आठ-पंधरा दिस थांबा. पोरीले ओसरीत निजवा."  आमच्या घरी बाबांच्या शब्दापुढं कोणी बोलत नसे, आणि खरं म्हणजे त्यांचंही चुकत नव्हतं. एका वर्षी खरेदी बंद पडली होती, पुढच्या वर्षी पावसानं हातचं नेलं होतं. या एका वर्षी कापूस आणि भाव दोन्ही चांगले होते. पण ओसरीत निजवलं तरी कापसाच्या खोलीचं दार तिथंच, वारा तोच. त्या रात्री सांची ओसरीत झोपली आणि पहाटे बसून श्वास घेत होती.

सकाळी मला धपधप आवाजानं जाग आली. वहिनींनी मधल्या खोलीची खिडकी उघडली होती, पदर खोचला होता, आणि ताडपत्रीवर कापूस ओढून काढत होत्या. आणि मोठ्यानं बोलत होत्या. सांची अंगणात बाजेवर बसलेली, तिला उद्देशून. "हे पाय, हा खालचा दबला हाय, हा निंगत नाई. निंग रे बाबा." बाबा तोंड धुवून आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "रेखा, आज काढला तं उद्या हात चोळत बसशीन." वहिनींचे हात थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, "मामाजी, भाव वर जावो नाईतं खाली जावो. पोरगी आज रातच्याले कुठं झोपन, एवढंच मले सांगा."  बाबा दारातून वळले. मग गोठ्याकडं गेले, आणि मला वाटलं रागावून वावरात निघाले. पण बैलांच्या घंट्या जवळ आल्या. त्यांनी बंडी, म्हणजे बैलगाडी, ओसरीला लावली, जुवावर हात ठेवून दादाला म्हणाले, "पायतं काय? ताडपत्रीचं ते टोक धर." दुपारपर्यंत खोली रिकामी झाली, आणि कापूस त्या दिवशीच्या भावात गेला. आम्ही भिंती झाडल्या, शेणानं सारवलं. रिकाम्या खोलीत दादा खोकला तर तो आवाज परत आला. मला ते घर ओळखीचं वाटेना.

पुढं सगळं लगेच बरं झालं असं नाही. भाव खरंच आणखी चढला, आणि शेवंताबाई बाबांना रोज नवा आकडा ऐकवायच्या. बाबा म्हणायचे, "मावशी, तुमाले आयकू येत नाई अन् भाव कसा बरोबर आयकू येते?" सांचीची छाती हळूहळू मोकळी झाली. थंडीत अजूनही पंप लागतो. पंपाची सवय लागते म्हणून गावातले लोक वहिनींना घाबरवायचे, पण वहिनींनी तो एकदाही चुकवला नाही. बोलणं मात्र येईना. आम्ही सगळे दिवसभर बडबडायचो आणि ती हातांकडं बघायची. सगळ्यात पंचाईत बाबांची झाली. लहान मुलाशी काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मग ते तिला बंडीत बसवून वावरात न्यायचे आणि वाटेतल्या प्रत्येक धुऱ्यावरचं भांडण तिला सविस्तर सांगायचे. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणाचा बैल कोणी सोडला. सांची पुढ्यात बसून ऐकायची. पावसाळा संपता संपता एका दुपारी बाबा बाजेवर आडवे झाले होते. सांची आली, तिनं त्यांच्या पाठीला दोन हात लावले आणि म्हणाली, "सरक." बैलाला म्हणतात तसं. बाबा उठून बसले, तिला जागा करून दिली, आणि दुसऱ्या टोकाला बसून राहिले.  मग चपला न घालता वावरात गेले आणि वहिनींना सांगितलं. गल्लीत पुढं महिनाभर ते प्रत्येकाला सांगत होते की नात त्यांना सरक म्हणाली.

मी बी.एड.ला अमरावतीला गेलो तेव्हा तिच्याजवळ पुष्कळ शब्द आले होते, पण ते अर्धे गिळलेले, आणि परक्यासमोर ती पुन्हा हातांवर यायची. शाळेत घालायचं वर्ष जवळ येत होतं. वहिनींना एकच काळजी होती की वर्गात ती गप्प बसली तर नळावरचं ते नाव शाळेतही तिच्यामागं लागेल. मी व्हिडीओ कॉल करायचो तर सांची पडद्याकडं टक लावून बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. म्हणून मी फोन सोडला आणि पत्र लिहिलं. आमच्या घरी आलेलं ते पहिलंच घरचं पत्र. ते माझ्याकडं परत आलं होतं, सुटीत मी ते वहिनींना दिलं, आणि त्यांनी ते जपून ठेवलं आहे. मागच्या दिवाळीत मागून घेतलं आणि उतरून काढलं. सांची आता शाळेत जाते, आणि घरी आल्यावर बाईंच्या तक्रारी सांगते. पत्र असं आहे.

आदरणीय वहिनींस,

जय भीम. हे पत्र मनात वाचू नका. सांचीला समोर बसवा आणि मोठ्यानं वाचा. बाबा असतील तर त्यांनाही बसवा.

सांची, मी काका. मी अमरावतीला एका खोलीत राहतो. खोलीत आम्ही तिघं आहोत. एक मेळघाटचा आहे, तो रोज सकाळी माझा साबण वापरतो आणि मी नाही वापरला म्हणतो. मेसमध्ये वरण इतकं पातळ असतं की त्यात आपलं तोंड दिसतं. तुझ्या आईच्या हातची भाजी मी रोज आठवतो आणि मग तेच वरण पितो. काल मला पाचवीच्या वर्गावर पाठ घ्यायला पाठवलं होतं. मी फळ्याला चिकटून उभा होतो. एक मुलगा मागच्या ओळीत बसून माझ्या हातांकडं बघत होता, तोंडाकडं नाही. मी फळा सोडला, त्याच्याजवळ जाऊन खाली बसलो आणि त्याला आपल्या बैलांबद्दल सांगितलं. तास संपेपर्यंत तो काही बोलला नाही. पण मी उठलो तेव्हा त्यानं माझा शर्ट धरून ठेवला. आज मी परत त्याच्याजवळ बसणार आहे. माझ्या सरांनी विचारलं की हे तू कुठं शिकलास. मी म्हटलं, घरी.

वहिनी, आता पुढचं वाक्य तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे. सांची समोर बसली आहे, म्हणून गाळू नका. सांची, तुझी आई कितीतरी महिने तुझ्याशी बोलली नाही. जिला गप्प राहता येत नाही ती बाई तुझ्यासाठी गप्प राहिली. तिला वाटलं होतं की त्यानं तू जगशील. नंतर कळलं की ते तसं नव्हतं, तेव्हा ती एका दिवसात उठली आणि आबांसमोर उभी राहिली. मी बी.एस्सी. झालो, उद्या शिक्षक होईन, पण चूक समजल्यावर इतक्या लवकर उठता येणं मला अजून जमत नाही. वहिनी, तुम्ही मला कॉलेजात पाठवलं त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आपल्या घरात पुरुषांना ते येत नाही. म्हणून लिहितो. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, ते तुमच्यामुळं आहे. शाळेची काळजी करू नका. ती बोलेल तेवढं बोलेल, आणि ज्या दिवशी नाही बोलणार त्या दिवशी तुम्ही दोघींचं बोलाल.

आता सांची, तुला एक विचारतो. मी सुटीत येताना तुझ्यासाठी अमरावतीहून काय आणू?

वहिनी, इथं वाचणं थांबवा. तिला घाई करू नका. खाली मी जागा मोकळी सोडली आहे. ती जे म्हणेल ते तिथं लिहा आणि हाच कागद मला परत पाठवा. जसं म्हणेल तसंच लिहा. अर्धं म्हणाली तर अर्धं लिहा, एकही अक्षर सुधारू नका.

तुमचा,
प्रशिक